शालनबाईंचा हात

माझ्या तोंडाचा मला पगार मिळायचा. भोईगल्लीतल्या बायका म्हणायच्या, शालनच्या तोंडाला भिऊन नगरपालिकेने तिला पैसे चालू केले. म्हणोत बापड्या. कागदावर माझ्या नावापुढे 'जलस्वाद निरीक्षक' असं लिहिलेलं होतं. सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात मोरघाटच्या ऐंशी हजार माणसांच्या नळाला जाणारं कृष्णेचं पाणी त्यांच्याआधी मी चाखत होते, तेही ओठ न भिजवता. ते कसं, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

शिंगटी नावाचा मासा आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. वीतभरही नसतो. पाठ करडी, अंगावर एक काळपट पट्टा, तोंडाभोवती आठ मिशा आणि कल्ल्यांमागे दोन काटे. काटा लागला की हात दिवसभर ठणकतो. अंगावर खवले नाहीत, कातडी बुळबुळीत. गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे, म्हणून हा मासा चवीवर जगतो. आपली चव जिभेपुरती. शिंगटीची मिशांवर, ओठांवर, पोटावर, पार शेपटीपर्यंत पसरलेली. "शालनताई, या माशाला अंगभर जीभ आहे," असं डॉ. नसीमा मुल्ला मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. त्यांनी आयुष्याची वीस वर्षं या माशावर घालवली होती.

नदीकाठी, जिथून पाणी उपसतात त्या जॅकवेलच्या विहिरीला लागून त्यांनी एक लांबट काचेची टाकी बसवली होती. तीत बारा शिंगट्या. नदीचं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाण्याआधी या टाकीतून जायचं. प्रत्येक माशाच्या मिशांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर केसाहून बारीक तार होती. माशाला जे लागेल ते तारेतून संगणकाकडे. साखर कारखान्याची मळी, युरिया, साबणाचं पाणी, हे सगळं संगणक बरोबर ओळखायचा. पण नदीला दर महिन्याला कुणीतरी काहीतरी नवं पाजत असतं. न शिकवलेली चव आली, की संगणक 'अनोळखी' म्हणून पाणी बंद करून मोकळा. आठवड्यातून दोनदा नळ कोरडे, आणि लोक घागरी घेऊन नगरपालिकेच्या दारात.

मग डॉक्टरांनी तारांचं टोक माणसाच्या तोंडात द्यायचं ठरवलं. टाळूला बसणारी एक पातळ पट्टी, तिच्यावर शेकडो ठिपके. प्रत्येक ठिपक्यातून जिभेला अगदी सूक्ष्म वीज लागते. माशाला जे लागलं त्याचा आराखडा जिभेवर उमटतो. माणसाचा मेंदू हट्टी असतो, असं त्या म्हणायच्या. त्याला रोज त्याच चिमट्या काढल्या की तो त्यांचा अर्थ लावूनच थांबतो. कधी न चाखलेली गोष्ट आली तरी ती कशाच्या जवळची आहे, भ्यायची की सोडून द्यायची, हे त्याला कळतं.

टाकीला एक शेवटची कडी होती. बारापैकी सात मासे मेले, तर कुणालाही न विचारता शहराच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप पडायचा आणि नवे मासे बसवेपर्यंत, म्हणजे तीन दिवस, उघडायचा नाही. तार नुसती तुटली तर यंत्र तो बिघाड समजून चालू राहायचं. मासाच मरायला हवा.

चाखायला भोईगल्लीतल्याच बायका का घेतल्या, तर ताटातला माशाचा तुकडा खाऊन तो कुठल्या डोहातला, कारखान्याच्या वरचा की खालचा, हे आम्ही सांगतो. परीक्षेला चौदा जणी बसल्या आणि मी एकटी पास झाले. दहावीला दोनदा बसले होते, त्यामुळे हे पास होणं मी जरा मिरवलंच.

पहिले दोन महिने तोंडात नुसता गंजलेला खिळा. रोज घरी जाऊन रडायचे. मग एका सकाळी जिभेवर ओल्या गवताची चव आली, इतकी स्पष्ट की मी मागे वळून पाहिलं.

"वर कुठं तरी पाऊस झालाय, साहेब," मी म्हणाले.

केंद्राचे अभियंता शहापुरे साहेब हसले. आकाश कोरडं ठणठणीत होतं. दुपारी नदी हातभर वाढली. त्यानंतर ते हसले नाहीत. मी बटण दाबलं की पाणी थांबायचं, कारण मागाहून विचारायचे. वर्षभरात मी सहा वेळा बटण दाबलं आणि सहाही वेळा पाण्यात काही ना काही निघालं. आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. टाकीत गांडुळं टाकली की मला ती आवडायची. लाज वाटते, पण तोंडाला पाणी सुटायचं.

घरी मात्र उलटं चाललं होतं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण 'हे' 'हे' करत बसले तर तुमचा गोंधळ होईल, म्हणून सांगते, त्यांचं नाव दिगंबर. जाळं टाकणारा माणूस, दिवसाला मोजके शब्द बोलणारा. लग्न झाल्यापासून पहिला घास ते माझ्यापुढे धरायचे. "बघ गं," म्हणायचे. मी मान हलवली की जेवायचे. त्या वर्षी मी मान हलवत राहिले आणि ते खारट, अळणी, जळकं सगळं मुकाट्याने गिळत राहिले. मला सगळ्याला नदीच लागत होती. भाकरीला नदी, गुळाला नदी.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, "मेंदूत चवीची जागा ठरलेली असते, शालनताई. ती माशाने व्यापत आणलीय. दोन वर्षांत काम सोडलंत तर तुमची चव परत येईल. पुढे मला खात्री देता येणार नाही."

दोन वर्षांना तेव्हा चार महिने उरले होते. माझी मुलगी ऋतुजा पोटुशी होती. म्हटलं, बाळंतपणाला ती येईल तेव्हा काम सोडायचं आणि लेकीला चांगलंचुंगलं करून घालायचं.

सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण होतं. "आई, दुसरं काही नको. तुझ्या हातचं शिंगटीचं कालवण पायजे मला," ती म्हणाली. शिंगटी साफ करायची म्हणजे आधी काटे मोडायचे, मग राख लावून बुळबुळ जाईपर्यंत खसाखसा चोळायचं. सकाळी उठून मी दोन डझन शिंगट्या साफ केल्या, साबणाने आणि लिंबाने हात धुतले आणि कामावर गेले.

पाण्यात उतरण्याआधी दोन बोटं बुडवून कपाळाला लावायची, ही आम्हा भोयांची रीत. मी नदीत उतरत नव्हते, तरी टाकीशी बसण्याआधी रोज झाकण सरकवून दोन बोटं बुडवायचे. त्या दिवशीही बुडवली, कपाळाला लावली आणि पट्टी टाळूला बसवली.

जे आलं ते गोड, कडू, तुरट असलं काहीच नव्हतं. जिभेच्या मुळातून पोटात एक गोळा उतरला. पळ. खाली जा. एवढंच. बाराही शिंगट्या तळाला अंग चिकटवून दगडासारख्या पडल्या होत्या. मी बटण दाबलं.

नऊ तास पाणी बंद राहिलं. सरकारी दवाखान्यात सहा जणांचं डायलिसिस अर्ध्यावर थांबवून त्यांना दुसऱ्या शहरात हलवावं लागलं. त्यांतले एक आजोबा वाटेतच गंभीर झाले आणि आठ दिवस अतिदक्षता विभागात राहिले. पाण्यात मात्र काही निघालं नाही. डॉक्टरांनी संध्याकाळी माझ्या नखांतला मळ तपासला तेव्हा उलगडा झाला.

"शिंगटीची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य सुटतं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना त्यावरून कळतं, आपल्यातलं कुणीतरी मारलं जातंय. थेंबाचा हजारावा भागही पुरतो. साबणाने जात नाही ते."

म्हणजे मी त्यांच्या भाऊबंदांचं मरण बोटाला लावून त्यांच्यात कालवलं होतं, वर ते कपाळालाही लावून घेतलं होतं. रात्री ऋतुजाच्या पंगतीत त्याच शिंगट्या वाढल्या गेल्या. "आई, मीठच न्हाई की गं ह्यात," ती म्हणाली. मी तीनदा चाखून बघितलं होतं.

मी त्या आजोबांना बघायला दवाखान्यात गेले. नाव सांगायचं धाडस झालं नाही. दाराशी उभी राहून परत आले.

त्यानंतर नियम बदलले. टाकीला हात लावायचा नाही, हातमोजे सक्तीचे. बटण दाबलं तरी प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत, म्हणजे चाळीस मिनिटं, पाणी सुरूच राहणार. ती चव संगणकालाही शिकवली गेली. नोंदीला नाव हवं होतं, तर कुणीतरी गमतीने टाकलं: 'शालनबाईंचा हात'. त्यापुढे लिहिलं: धोका नाही, दुर्लक्ष करावं. मी वाचलं. चूक माझीच होती.

माझी दोन वर्षं भरायला अकरा दिवस राहिले होते. ऋतुजा आमच्याकडे बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते, आणि आठवडाभरात मी काम सोडणार होते. दुपारी अडीचच्या सुमाराला मी टाकीपुढे बसले होते. हातात मोजे होते आणि डोहाळजेवणापासून मी घरात मासा आणू दिला नव्हता.

जिभेच्या मुळातून पोटात गोळा उतरला.

शिंगट्या तळाला गेल्या. मी पडद्याकडे पाहिलं. हिरव्या अक्षरांत लिहून आलं: 'शालनबाईंचा हात. धोका नाही.'

पहिल्यांदा मी स्वतःच्याच हातांकडे पाहिलं, इतका माझा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. मग दिगंबरांना फोन लावला. ते वरच्या अंगाला, दीड कोसावर जाळं टाकत होते.

"अहो, पाण्यात काय दिसतंय?"

"पाणी नितळ हाय," ते म्हणाले. "पर शिंगट्या येड्यागत खालच्या अंगाला पळाल्यात. दोन धरल्या. अंगाची सालटं निघाल्यात."

"तुम्ही कुठं हाय?"

"कमरंएवढ्या पाण्यात."

"आधी बाहेर या. आत्ताच्या आत्ता. जाळं टाका तिथंच."

ते नवं जाळं होतं, चार महिने बसून विणलेलं. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि पाण्याचा खळबळाट ऐकू आला. का म्हणून त्यांनी विचारलं नाही.

मी शहापुरे साहेबांच्या खोलीत धावत गेले. म्हटलं, वर कुठंतरी विष पडलंय. भाजलेल्या शिंगट्या विषाच्या पुढं पळत येऊन जॅकवेलपाशी पोचल्यात, त्यांचं भ्या माझ्या तोंडात उतरतंय. विष अजून मागं आहे. पाणी थांबवा.

त्यांनी उठून स्वतः नमुना पाठवला. तो माणूस वाईट नव्हता. "शालनबाई, उपकरणं सगळी स्वच्छ दाखवतायत. माशांनाही पाण्यात दुसरं काही लागत नाहीये, हो ना?"

"न्हाई लागत. नुसतं भ्या."

"आणि ही चव तर नोंदलेली आहे. मागच्या वेळी त्या आजोबांच्या मुलांना तोंड मी दिलं होतं. आत्ता दवाखान्यात नऊ जण मशीनवर आहेत. चाळीस मिनिटं थांबा. अहवाल आला की मी स्वतः बंद करतो."

"चाळीस मिनिटांत ते गावात गेलेलं असंल, साहेब."

"नवऱ्याच्या फोनवर मी शहराचं पाणी तोडू शकत नाही."

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. हे मी तेव्हाही जाणत होते आणि म्हणूनच भांडले नाही. परत येताना ऋतुजाला फोन केला आणि नळाचं पाणी पिऊ नकोस म्हणून सांगितलं. तिला सांगता आलं. बाकीच्या ऐंशी हजारांना कोण सांगणार होतं?

टाकीशी आले. शिंगट्या तळाला तशाच होत्या. बाराही मला वेगवेगळ्या ओळखू यायच्या. एकीची मिशी तुटलेली, एक नेहमी काचेला लागून असायची. दोन वर्षं मी त्यांच्या तोंडाने जगले होते.

मी मोजे काढले आणि झाकण उघडलं. दोन बोटं बुडवून कपाळाला लावली.

पट्टी काढून ठेवता आली असती. नाही काढली. त्यांना मारायचं आणि आपलं तोंड तेवढं बाजूला ठेवायचं, हे मला जमलं नाही. मासा झटकन कसा मारायचा हे आमच्या हाताला ठाऊक असतं. डोक्यामागे अंगठा दाबला की झालं. पहिली मारली आणि उरलेल्या अकरांनी तिचं मरण चाखलं. ते माझ्या तोंडात आलं. दुसरी मारली. तिसरीने काटा मारला, तळहातातून रक्त आलं. प्रत्येकीगणिक भीती वाढत गेली, कारण आता मीच त्यांना खाणारी होते आणि मीच त्यांच्यातली एक होते. मला पळायचं होतं. पाचवीला माझे पाय खरोखरच मागे सरकले. मी टाकीची कड धरून ओरडत होते असं नंतर लोकांनी सांगितलं. मिशी तुटलेली सहावी. काचेला लागून असायची ती सातवी.

खाली कुठेतरी व्हॉल्व्ह पडल्याचा आवाज आला. माझ्या तोंडात एकदम शांत झालं. खोली शांत व्हावी तसं नाही. दार कायमचं लागावं तसं.

शहापुरे साहेब दारात उभे होते. टाकीकडे आणि माझ्या हातांकडे पाहत म्हणाले, "काय केलंत हे? तीन दिवस पाणी नाही आता. तीन दिवस!" मग खुर्चीत बसून त्यांनी आधी दवाखान्याला फोन लावला.

पोलिसांनी मला गाडीत बसवलं तेव्हा साडेतीन वाजले होते. पावणेचारला जॅकवेलपाशी मेलेले मासे लागायला सुरुवात झाली. चारपर्यंत नदी या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी झाली होती. वरच्या पुलाजवळ कीटकनाशकाच्या कच्च्या मालाचा एक टँकर उलटला होता आणि ड्रायव्हर पळून गेला होता. ते रसायन इतकं नवं, की कुठल्याच उपकरणाच्या यादीत नव्हतं; प्रयोगशाळेचा अहवालही स्वच्छच आला होता. माशाला त्याची चवही लागत नव्हती; ते आधी मिशाच बधिर करायचं. वरच्या वाडीतली माणसं थेट नदीचं पाणी प्यायची. त्यांतली पाच गेली. त्यांना सांगायला कुणीच नव्हतं. मोरघाटात त्या पाण्याचा एक थेंबही गेला नाही.

पोलिसांनी मला संध्याकाळीच सोडलं. दिगंबर चौकीच्या पायरीवर बसले होते. कमरेखालची कातडी लालभडक झाली होती. "जाळं गेलं," ते म्हणाले आणि माझा सुजलेला हात हातात घेऊन बसून राहिले. मला त्या क्षणी रडू कोसळलं.

माझी चव परत आली नाही. माझी नाही आणि नदीचीही नाही. तोंडात काहीही घातलं तरी कागद. डॉक्टर मुल्लांनी हात धरून माफी मागितली. म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं; ती सात मरणं तोंडात घेताना मीच पट्टी काढली नाही. शहापुरे साहेब घरी आले होते. चहा घेतला, बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. जाताना म्हणाले, "ती नोंद बदललीय, शालनबाई." नंतर मी जाऊन पाहिली. नाव तेच ठेवलं आहे. 'शालनबाईंचा हात.' पुढे लिहिलं आहे: कुणालाही न विचारता पाणी बंद करावं.

टाकीशी आता भोईगल्लीतलीच दुसरी एक सून बसते. ती झाकणावर वरूनच दोन बोटं टेकवते आणि कपाळाला लावते. तिच्या घरात मासा शिजत नाही.

आमच्या घरात कालवण दिगंबर करतात. पहिला घास अजूनही माझ्यापुढे धरतात, सवयीने, आणि मग आठवण होऊन स्वतः खातात. "मीठ बेताचं हाय," मला सांगतात.

ऋतुजाला मुलगी झाली. सहाव्या महिन्यात तिचं उष्टावण होतं. खीर भरवून झाल्यावर ऋतुजाने नळाचं पाणी वाटीत घेतलं, चमचा भरला आणि लेकीच्या ओठांपाशी नेऊन थांबली. टँकर उलटल्यापासून तिला ही भीती आहे. तिने वाटी माझ्यापुढे धरली.

"आई, बघ की गं. बरं हाय नव्हं?"

मी एक घोट घेतला. तोंडात काहीच नव्हतं, गार की कोमट एवढंच कळत होतं. घड्याळात अकरा वाजले होते. म्हणजे ती सून टाकीशी बसलेली होती.

"बरं हाय," मी म्हणाले. "पाज तिला." आणि वाटीतलं उरलेलं पाणी मी पिऊन टाकलं.